पान न टाकणारा बदाम

१

आपल्याकडे लोक बागेत जातात ते फुलं बघायला, पोरांना घसरगुंडीवर बसवायला, नाहीतर लग्न ठरलेलं असलं तर घरच्यांच्या नजरेआड चार शब्द बोलायला. गळायला आलेली पानं बघायला कोण जातं? पण धरणाखालच्या त्या सरकारी बागेत माघ-फाल्गुनात गर्दी व्हायची ती पानांसाठीच. कुंपणाच्या भिंतीकडेनं देशी बदामाची झाडं ओळीनं लावलेली होती. बदामाचं पान गळण्याआधी असं लालबुंद होतं की मंचरचे फोटोग्राफर नवी जोडपी घेऊन तिथं यायचे, शाळांच्या सहली यायच्या, आणि एरवी झाडाकडे ढुंकून न बघणारी माणसंही मान वर करून उभी राहायची.

त्या ओळीतलं शेवटचं झाड बुद्धभूषण रोकडे याच्या नावाचं होतं, आणि बुद्धभूषण चांगला जिवंत होता.

हे घडलं ते असं. त्याचे वडील चांगदेव पाटबंधारे खात्यात मुकादम होते. अवसरी बुद्रुकच्या वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. माणूस गेलं की रक्षा नदीत सोडून पाणी नासवायचं नाही, खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं, ही पद्धत वस्तीत त्यांनीच पाडली. खात्यातल्या ओळखीनं बागेच्या टोकाची थोडी जागाही त्यांनी मिळवली. पिंपळ लावायची इच्छा होती, पण पिंपळाची मुळं भिंत फोडतात म्हणून बागेच्या साहेबानं बदाम दिला. आणि त्या जागेत पहिला खड्डा त्यांना स्वतःच्या पोरासाठी खणावा लागला.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत मढच्या पुढं, माळशेजच्या एका वळणावर कोबीचा टेम्पो जळाला. टेम्पो बुद्धभूषण चालवायचा. आत एकच माणूस सापडला आणि त्याचं तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. चांगदेव जाऊन बघून आले आणि आपलाच आहे म्हणाले. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, बदाम लागला, सगळी वस्ती रडली.

जवळजवळ पाच वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, बुद्धभूषण खांद्याला पिशवी लावून अवसरीच्या स्टँडवर उतरला. बापाशी भांडून तो निघाला होता. मढला टेम्पो दुसऱ्याच्या हवाली करून गुजरातच्या गाडीत बसला, तो अंकलेश्वरला रंगाच्या कारखान्यात जाऊन राहिला. हट्टाला पेटून घरी एक अक्षर कळवलं नाही, आणि टेम्पो जळाल्याचं त्याच्या कानावरही आलं नाही. सगळी वस्ती त्याला बघायला लोटली. कुणी हार घातला, कुणी शिव्या घातल्या, आईनं, पारूबाईनं, खीर केली. बायको कल्याणी दोन दिवस नुसती रडत होती. तो गेला तेव्हा दहा महिन्यांची असलेली साक्षी आता शाळेत जात होती. आईच्या पदराआडून ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला आता दुसरं काही नको होतं. ह्या पोरीनं एकदा आपल्याला पप्पा म्हणून हाक मारावी, एवढंच हवं होतं.

२

माघ लागला तशी घरात डब्यांची शोधाशोध सुरू झाली. कुठं जायचंय ते बुद्धभूषणला कळेना. पारूबाई म्हणाली, बागेत, पानं लाल झाली की दरवर्षी जातो. त्याला हसू आलं. मी इथं तुमच्यासमोर भाकरी मोडतोय आणि तुम्ही माझ्याच झाडाला भेटायला निघालात, असं तो म्हणाला. पारूबाईही हसली, पण तिचा भाकरी थापणारा हात थांबला नाही.

"झाडाला काय ठावं तू आलायस ते? ते वाट बघत असंल."

म्हातारीचं बोलणं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. पाच वर्षांची सवय, लगेच कशी सुटेल?

मंचरला एसटी बदलून सगळे धरणाखाली उतरले. बागेतलं कारंजं बंद होतं, सिमेंटच्या हत्तीची सोंड कुणीतरी तोडली होती, पण बदामांनी मात्र सगळी बाग पेटवून सोडली होती. खाली पानांचा खच पडला होता. पायाखाली इतका कुरकुर आवाज व्हायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. घरचे त्या खचातून झपाझप पुढं गेले. साक्षी तर पळतच सुटली.

शेवटच्या झाडाखाली सिमेंटची पाटी होती. कालकथित बुद्धभूषण चांगदेव रोकडे, आणि खाली जन्माची तारीख, मरणाची तारीख. ही पाटी काढा म्हणून त्यानं आल्या आल्याच वडिलांना, अण्णांना सांगितलं होतं आणि अण्णा हो म्हणाले होते. स्वतःच्या मरणाची तारीख वाचून हसू येईल, असं त्याला वाटलं होतं. ते काही आलं नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की इथं पायाखाली आवाज होत नाहीये. झाड वरून खालपर्यंत लाल होतं, आणि बुंध्याभोवतीची जमीन स्वच्छ होती. एक पान नव्हतं. बाग झाडणारी कोंडाबाई पलीकडे खराटा घेऊन उभी होती. तिला तो म्हणाला, मावशी, एवढीच जागा बरी झाडलीत.

"तितं मी झाडत न्हाई," ती म्हणाली. "ते पान टाकतच न्हाई. लाल व्हतं, अन् मग तीच पानं परत हिरवी व्हत्यात."

तिच्या बोलण्यात कौतुक नव्हतं. एखाद्या खोडकर जनावराबद्दल बोलावं तसं ती बोलली आणि पाठ फिरवून दुसरीकडे झाडायला लागली. बाईची काहीतरी गफलत होत असणार, असं बुद्धभूषणनं ठरवलं. लाल झालेलं पान परत हिरवं झालेलं कुणी पाहिलंय?

पारूबाईनं चादर अंथरली, ताटं मांडली आणि पहिलं ताट बुंध्याशी ठेवलं. हा नैवेद्य नव्हे हं, असं तिनं त्याला बजावून सांगितलं. आपल्यात नैवेद्य नसतो, पोराला जेवू घालायचं असतं. मग अण्णांना, सुनेला, नातीला वाढून झालं आणि ताटं संपली. बुद्धभूषण तसाच बसून होता. सगळ्यांच्या ध्यानात आलं तेव्हा हसण्याची लाट उठली आणि पारूबाईनं त्याला डब्याच्या झाकणात वाढलं. झाकण घेऊन तो बुंध्याला टेकायला गेला.

"तितं नको," पारूबाई पटकन म्हणाली. "ती त्याची..." आणि मग सावरून म्हणाली की तिथं ओल असते, पँट खराब होईल.

त्यानं हात लावून बघितलं. माती खडखडीत कोरडी होती.

३

दुसऱ्या रविवारी पुन्हा जायचं निघालं. वर्षातून एकदा जायची पद्धत होती, मग आता काय? पानं हिरवी व्हायच्या आत एकदा जाऊन येऊ, असं कल्याणी म्हणाली. त्यानंतर मधल्या वारी बायका त्याला न सांगताच जाऊन आल्या. शाळेतून साक्षीला परस्पर नेलं होतं. तो चिडला तेव्हा चांगदेव म्हणाले, जाऊ दे, बायकांना तेवढाच विरंगुळा. पूर्वी भुताखेतांविरुद्ध सभा गाजवणारा हा माणूस आता त्याच्या नजरेला नजर देत नव्हता.

घरात कल्याणी त्याच्याशी जपून वागायची. मागितलं ते द्यायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. एखाद्या पाहुण्याचं करावं तसं तिचं चाललेलं असायचं. पाच वर्षं विधवेसारखी काढलेली बाई, वेळ लागणारच, असं तो मनाशी म्हणायचा. बागेत मात्र ती वेगळी व्हायची. एका दुपारी तो तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. ती चपला काढून गवतात पाय पसरून बसली आणि लाडानं म्हणाली, "अहो, ऐकलं का?"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती असं म्हणायची. त्याचा जीव सुखावला. "काय गं?" तो म्हणाला.

ती दचकली. ती झाडाकडे तोंड करून बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि काही नाही म्हणाली.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो उठून फाटकापर्यंत चालत गेला आणि तिथल्या कट्ट्यावर बसला. एका झाडाचा हेवा करायचा म्हणजे शहाणपणाची कमाल झाली, असं तो स्वतःला सुनावत होता. एवढ्यात त्याचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे गेलं. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चाल कळत होती. पारूबाई काहीतरी विचारायची आणि थांबायची. मग कल्याणी हसायची. साक्षी मोठ्यानं काहीतरी सांगायची, पुन्हा सगळ्या गप्प व्हायच्या, आणि पुन्हा हसू. त्या मधल्या गप्प जागांमध्ये दुसरं कुणीतरी बोलत असल्यासारखं ते ऐकू येत होतं.

वारा पडलेला होता. बाकीच्या बदामांची पानं गळून ती बोडकी झाली होती, त्यांच्यात सळसळायला काही उरलंच नव्हतं. तरी त्या गप्प जागांत बारीक सळसळ व्हायची, आणि कुणी बोलायला लागलं की ती अदबीनं थांबायची.

परत येताना एसटीत साक्षी त्याच्या शेजारी बसली. तिच्या केसात अडकलेली काडी काढायला त्यानं हात पुढं केला, तर तिनं मान मागं घेतली.

"पप्पा रागावत्यात," ती म्हणाली.

पप्पा कोण, असं त्यानं विचारलं. ती त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत राहिली आणि मग खिडकीबाहेर बघू लागली.

४

मग घरातच चुका व्हायला लागल्या.

आधी वांग्याची भाजी बंद झाली. त्याला वांगं जीव की प्राण, पण पारूबाई म्हणाली, तुला चालत नाही ना वांगं, अंगावर पित्त उठतं. नाही उठत, तो म्हणाला. तिनं कल्याणीकडे बघितलं आणि कल्याणीनं, जाऊ द्या, अशी मान हलवली. पुढं एकदा शेजारच्या साळुबाईला आई सांगताना त्यानं ऐकलं, की माझ्या भूषणला लहानपणापासून पोहता येत नाही, पाण्याची लई भीती. घोड नदीच्या डोहात त्यानं अख्खं बालपण काढलं होतं. म्हातारपणी माणसाचं डोकं चालत नाही हे खरं, पण साळुबाईसुद्धा हो हो म्हणत होती, आणि तिच्याच पोराला त्यानं पोहायला शिकवलं होतं.

एका सकाळी पारूबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्या डाव्या बाजूला ठेवला. त्यानं उचलून उजवीकडे घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. शेवटी तो ओरडला, की काय चाललंय हे?

"आरं, डावरा न्हवं का तू?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तिला खरंच नवल वाटत होतं.

त्यानं कल्याणीला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, की लग्नात त्यांनी डाव्या हातानं घास भरवला म्हणून माझ्या भावानं केवढी चेष्टा केली होती. तुम्हाला नाही आठवत?

त्यांनी, असं ती म्हणाली होती. तुम्ही, असं म्हणाली नव्हती.

तो परसात जाऊन बसला. आपल्या दोन्ही हातांकडे तो बघत राहिला, जणू त्यांनीच आता खरं काय ते सांगावं. डावरा माणूस. ह्या घरात कुणीच डावरं नव्हतं. मग आपण कुठं बघितला? आणि मढचं ते चहाचं हॉटेल त्याला आठवलं.

जानेवारीची थंडी होती. टेम्पो बाहेर लावून तो चहा पीत होता, डोक्यात बापाचा राग धुमसत होता. समोरच्या बाकड्यावर एक माणूस अंग चोरून बसला होता. अंगावर नुसता सदरा होता आणि डाव्या हातात बशी. गाडी चालवायला येते म्हणाला. बुद्धभूषणला कुणाशी तरी बोलायचंच होतं. त्या माणसानं विचारलं, घरी कोण कोण असतं? आणि त्यानं सगळं सांगितलं. आई काय करते, बायको कशी हसते, पोरीला दोन दात आलेत, बाप कसा पाण्यात पाहतो. तो माणूस फार मन लावून ऐकत होता. मध्येच थांबवून पुन्हा विचारायचा, मुलीचं नाव काय म्हणालात? त्याला स्वतःचं घर नव्हतं हे दिसतच होतं. बुद्धभूषणनं त्याला आपलं जाकीट दिलं, किल्ली दिली, कोबी कल्याणला पोचव म्हणून सांगितलं. त्याचं नाव मात्र विचारलं नाही.

पोचवतो, तो म्हणाला होता. आणि घरी काय निरोप देऊ?

रागाच्या भरात बुद्धभूषण बोलून गेला होता, "सांग, मेला म्हणून. माझ्या जागी तूच जाऊन ऱ्हा तितं."

त्यावर तो माणूस हसला नव्हता. बरं, एवढंच म्हणाला होता.

५

चांगदेव संध्याकाळी पाटाच्या कडेनं फिरायला जायचे. नोकरी संपली तरी पाणी कुठवर आलंय ते बघायची सवय गेली नव्हती. बुद्धभूषणनं त्यांना तिथं गाठलं आणि मढची सगळी हकिगत सांगून टाकली. त्या खड्ड्यात कुणाची रक्षा आहे, ते घरात सगळ्यांना सांगा, म्हणाला. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील.

चांगदेव पाण्याकडे बघत उभे होते.

"मला ठाऊक हाये," ते म्हणाले.

बुद्धभूषणला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बापाला कळत न्हाई व्हय? उंचीच तुझी न्हवती. बघितल्याबरूबर कळलं, ह्यो आपला न्हवं."

"मग व्हय कशाला म्हनलात?"

"तू गेलायस, जित्ता हायेस, पर येनार न्हाईस, असं सांगितलं असतं तर तुझी आई जन्मभर दारात बसली असती. मेला म्हनलं तर रडली अन् कामाला लागली." ते जरा थांबले. "अन् त्याला नेयाला कुनीच आलं न्हाई. दोन दिस मी तितं बसून व्हतो. कुनीच न्हाई. मग मी त्याला घरी आनला. तुझं नाव दिलं."

वाऱ्यानं पाटाचं पाणी बारीक थरथरत होतं. बुद्धभूषणला बापाची दया आली आणि त्याच वेळी ह्या माणसाला पाटात ढकलून द्यावंसं वाटलं.

"पाच वर्सं तुझ्या आईनं त्याला जेवू घातलं," चांगदेव म्हणाले. "सूनबाईनं सुखदुःख सांगितलं. पोरगी त्याच्या मांडीवर वाढली. आता ऊठ म्हनून त्याला कोन सांगनार? माझ्यानं न्हाई व्हायचं."

"अण्णा, तुमी भूत मानत न्हाई."

"न्हाईच मानत," चांगदेव म्हणाले. "घरातलं मानूस हाये ते."

उद्या जाऊन पाटी उखडतो आणि झाड तोडतो, असं बुद्धभूषणनं त्यांना तोंडावर सांगितलं. ते रागावतील, अडवतील, निदान सरकारी झाड आहे म्हणून बजावतील, असं त्याला वाटलं होतं. चांगदेव त्याच्याकडे नुसते बघत राहिले. आजारी माणसाला डॉक्टरनं काय सांगितलंय ते घरच्यांना माहीत असतं आणि त्याला माहीत नसतं, तेव्हा घरचे जसे बघतात, तसे. मग ते घराच्या दिशेनं चालू लागले. तो मागोमाग गेला, पण त्यांनी पावलं मंद केली नाहीत.

६

कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून तो पहिल्या एसटीनं निघाला. घरातून निघताना त्याला कुणी कुठं म्हणून विचारलं नाही. कल्याणी केस विंचरत होती, चांगली साडी नेसली होती. पारूबाईनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं.

बाग रिकामी होती. लाल पानांचे दिवस संपले होते, बाकीच्या बदामांना पोपटी कोंब फुटले होते. फाटकाशी कोंडाबाई खराटा न घेता नुसती बसून होती. त्याला बघून ती उठली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं फाटकालगतच्या खोलीत निघून गेली.

लांबूनच त्याला दिसलं आणि तो थबकला. शेवटचं झाड उघडं झालं होतं. एकाही फांदीवर एकही पान नव्हतं. सगळी पानं बुंध्याभोवती गोल पडली होती, घोट्याएवढा थर, ताजी आणि लालभडक. पाच वर्षांची पानं एका वेळी टाकल्यासारखा तो ढीग दिसत होता.

तो चक्क हसला. किती दिवसांनी हसला. हे झाडच होतं शेवटी. उशिरानं का होईना, झाडासारखं वागलं. अण्णांचं म्हातारपण, बायकांचं दुःख आणि आपलं हलकं काळीज, एवढ्यातनं केवढा बाऊ उभा राहिला. त्यानं हात लावून बघितलं तर फांदी कटकन मोडली, आत हिरवा धागा नव्हता. मेलेलं झाड तोडायचं तरी कशाला? पाटी काढायला म्हणून तो खाली वाकला, पण ती सिमेंटात घट्ट बसली होती. राहू दे, पुन्हा पहार घेऊन येऊ, असं त्यानं ठरवलं. कुऱ्हाड पोत्यातून बाहेरही निघाली नाही.

निघताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. पानांचा गोल एका बाजूनं मोडलेला होता. बुंध्यापासून फाटकाकडे पानांची एक ओळ गेली होती, मध्ये मध्ये विस्कटलेली. बसून बसून पाय आखडलेला माणूस पाय ओढत जातो तशी. बुद्धभूषण ओळीच्या कडेकडेनं चालला. बकरी आत शिरली असेल, वाऱ्यानं गेली असतील, कोंडाबाईनं अर्धवट झाडून सोडलं असेल. फाटकाशी ओळ संपली. पुढं डांबरी रस्ता होता, आणि तो खाली मंचरकडे जात होता.

फाटकावर कोंडाबाईला त्यानं हाक मारली. ही पानं कधी पडली, एवढंच विचारलं. आतून तिनं उत्तर दिलं, पण बाहेर आली नाही.

"सकाळच्याला. पोतं वतल्यावानी आवाज आला. मी काय बघितलं न्हाई."

घोडेगावच्या स्टँडवर उतरून त्यानं साक्षीसाठी रेवड्या घेतल्या. मंचरची गाडी दुपार उलटली तरी आली नाही. तो दोन-तीनदा उठून रस्त्यापर्यंत गेला. घरी जायची एवढी घाई आपल्याला का झालीय, ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

७

अवसरीत उतरला तेव्हा दिवे लागले होते. कुशाबाईच्या दुकानासमोरून जाताना त्यानं सवयीनं जयभीम घातला. तिनंही जयभीम केला आणि हे कोण, म्हणून शेजारणीकडे बघितलं.

घरातून वांग्याशिवायच्या जेवणाचा, तळणाचा वास येत होता. सगळे एकदम बोलत होते. पारूबाईचा आवाज इतका मोठा त्यानं आल्यापासून ऐकला नव्हता. कल्याणी हसत होती, बागेत हसायची तशी. तो ओट्यावर चढला. उंबऱ्याशी लाल पानाचा चुरा पडला होता, माजघरापर्यंत गेलेला. दार अर्धवट उघडं होतं. आत दिव्याच्या उजेडात त्याला आईची वाकलेली पाठ दिसली, हातातलं वाढायचं पातेलं दिसलं, आणि तिच्या पलीकडे, तो ज्या जागी जेवायला बसायचा तिथं, मांडी घातलेला एक गुडघा. गुडघ्याचा रंग उजेडामुळे असेल, मातीसारखा होता. त्याच्यावर साक्षीचा हात होता.

पाऊल वाजलं म्हणून साक्षी उठून दाराशी आली. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यानं रेवड्यांची पुडी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"पप्पा," ती आत वळून म्हणाली, "कोनतरी आलंय."

घरात सगळे गप्प झाले. आणि त्या गप्प जागेत सळसळ झाली, बारीक, कोरडी. काहीतरी विचारल्यासारखी ती शेवटाला वर गेली.

"मी बघतो," चांगदेवांचा आवाज आला. "तुमी जेवा."

ते बाहेर आले, नातीला हळूच आत लोटलं आणि मागं दार ओढून घेतलं. त्यांनी त्याला ओळखलं होतं. सबंध गावात ओळखणारे आता बहुधा ते एकटेच होते. ते थकलेले दिसत होते आणि डोळे भरून आले होते.

"अण्णा," बुद्धभूषण म्हणाला. "मी हाये."

"हळू बोल. बायका घाबरतील." त्यांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, वरचं बटण लावलं. "तुझी आई आज पोटभर जेवतीया."

"माझं घर हाये हे, अण्णा."

चांगदेवांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता, आणि तो हात त्याला ओट्यावरून खाली, रस्त्याकडे ढकलत होता. जोर नव्हता त्यात, माया होती, पण तो थांबत नव्हता.

"तू तिकडं जा आता," ते म्हणाले. "जागा मोकळी झालीया. पानं लाल झाली की येऊ आमी, समदी. तुझं जेवन घेऊन येऊ."

ते आत गेले. कडी लावल्याचा आवाज आला, आणि मग पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले.